शाळेने घरापर्यंत जावे ते कसे : चोपडा परिसरातील प्राथमिक शाळा आणि पालक

प्राथमिक शाळा आणि विद्यार्थ्यांची कुटुंबे यांच्या संबंधाचा विचार महाराष्ट्रात दीर्घकाळ दोनच अपेक्षांच्या आधारे होत आला आहे. पालकांनी मूल वेळेवर शाळेत घालावे ही पहिली, आणि शाळेच्या इमारतीला, कुंपणाला किंवा साहित्याला काही कमी पडले तर गावाने ते भरून द्यावे ही दुसरी. पहिलीच्या पाठीशी कायदा आहे, दुसरीच्या पाठीशी लोकवर्गणीची जुनी रीत आहे. परंतु मूल प्रत्यक्ष शिकत असताना त्या शिकण्यात घराचा वाटा कोणता, तो उचलण्यासाठी घराला काय कळायला हवे, आणि ते कळवण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नांना त्या मानाने फार थोडी जागा मिळाली. प्रस्तुत लेखात भागीदारी हा शब्द याच मर्यादित अर्थाने घेतला आहे : मुलाविषयी शाळेला जे ठाऊक आहे ते घराला कळते, घराला जे ठाऊक आहे ते शाळेला कळते, आणि या देवाणघेवाणीमुळे दोन्हीकडच्या मोठ्या माणसांच्या वागण्यात फरक पडतो, असा संबंध म्हणजे भागीदारी. उपलब्ध अनुभव आणि संशोधन एकत्र ठेवून पाहिले, तर असा संबंध समित्या स्थापन केल्याने किंवा सभा भरवल्याने आपोआप निर्माण होत नाही, आणि तो निर्माण करायचा तर आधी शाळेला उठून घराकडे जावे लागते, असे दिसते. कारण अक्षर, अधिकार आणि सरकारी कागद या तिन्ही गोष्टी शाळेच्या बाजूला असतात, आणि ज्या घरात पूर्वी कोणी शाळा शिकलेले नाही त्या घरातील पालक या तिन्हींना बिचकून असतो.

जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुका हा प्रश्न तपासण्यासाठी विशेष उपयोगी आहे, कारण एकाच पंचायत समितीच्या हद्दीत येथे निरनिराळ्या प्रकारचे पालक शाळेसमोर उभे राहतात. दक्षिणेकडे तापीकाठची काळी जमीन आणि तिच्यावर केळी व कापूस पिकवणारी मोठी गावे आहेत. मध्ये चोपडा शहर आहे, जेथे अनुदानित मराठी शाळांबरोबर उर्दू शाळा आणि इंग्रजी माध्यमाच्या विनाअनुदानित शाळाही पालकांच्या निवडीत येतात. आणि उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी व डोंगरात पावरा, भिल्ल आणि तडवी यांची वस्ती आहे, जिच्यापलीकडे मध्य प्रदेशाची हद्द लागते. घरात अहिराणी, पावरी, भिल्लांच्या बोली किंवा उर्दू, आणि पाठ्यपुस्तकात मात्र प्रमाण मराठी, अशी स्थिती तालुक्याच्या मोठ्या भागात आहे. या सगळ्यांना जोडणारा एक पालक सहसा कोणत्याच नोंदीत ठळकपणे येत नाही, तो म्हणजे सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराने एखाद्या शेतकऱ्याकडे राबणारा आणि अनेकदा कुटुंबासह त्याच्या शेतातच राहणारा मजूर. खान्देशात सालदारकीचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, संपते आणि नवे सुरू होते. त्यामुळे त्याचे कुटुंब उन्हाळ्यात एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाते, आणि जूनच्या मध्यात शाळा उघडते तेव्हा जुन्या शाळेच्या पटावर असलेले मूल नव्या शाळेच्या हद्दीत राहत असते. शाळा आणि कुटुंब यांच्या संबंधाची कोणतीही योजना या कुटुंबाला लागू पडते का, ही तिची खरी कसोटी मानायला हरकत नाही.

या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो मुख्यतः सक्तीचा आहे. महात्मा फुले यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. परंतु त्याच निवेदनात शेतकऱ्यांची मुले शाळेत येत नाहीत याचे कारण त्यांच्या दारिद्र्यात आणि गुरे राखण्याच्या व शेताच्या कामात त्यांची गरज असण्यात आहे, हेही त्यांनी स्पष्ट केले. सक्तीची मागणी आणि कुटुंबाच्या अडचणीची जाण या दोन गोष्टी फुल्यांच्या मांडणीत एकत्र होत्या. पुढच्या राज्यकारभाराने त्यातील पहिली उचलली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1917 मध्ये मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठरवला होता, आणि स्वातंत्र्याच्या वर्षी झालेल्या 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यातही पालकाला हजेरीचा आदेश देण्याची व तो न पाळल्यास दंड करण्याची तरतूद होती. त्या काळात, जेव्हा मुलांना आणि विशेषतः मुलींना शाळेपासून दूर ठेवणारे बळ समाजात प्रचंड होते, अशा तरतुदींचे समर्थन करता येते. त्यांचा एक परिणाम मात्र पुढे टिकून राहिला : पालक म्हणजे ज्याला आणावे लागते, बजावावे लागते असा माणूस, ही शाळेची नजर. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा कामाला लागल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या, तरी ही नजर फारशी बदलली नाही.

खान्देशाच्या इतिहासात या नजरेला अपवाद ठरणारे एक उदाहरण चोपड्याच्या शेजारीच, तापीपलीकडच्या अमळनेरला सापडते. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि शाळेच्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ हाताने लिहून काढले आणि पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिक चालवले. हे उदाहरण माध्यमिक शाळेचे आहे आणि त्याची थोरवी बहुधा गुरुजींच्या मायाळूपणात पाहिली जाते. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाची गोष्ट अशी, की गावाकडून आलेल्या मुलाचे घर शाळेला दिसत नसताना त्याची झोप, जेवण, कपडे आणि आजारपण हे शिक्षकाच्या कामाचाच भाग मानले गेले. आज सातपुड्यातील आश्रमशाळांमध्ये, म्हणजे आदिवासी विकास विभागाच्या निवासी शाळांमध्ये, सहा-सात वर्षांची मुले घरापासून दूर राहतात, तेव्हा हाच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात उभा राहतो, कारण तेथे कुटुंब शाळेच्या फाटकाशी सुट्टीच्या दिवशीच येते. या शाळांच्या चर्चेत निवास, आहार आणि सुरक्षितता यांवर योग्यच भर दिला जातो. आईबापांशी वर्षभर बोलणे कसे चालू ठेवावे याचा विचार त्यामानाने मागे पडतो.

कायद्याची दिशा 2009 मध्ये बदलली. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्यात मुलाला शाळेत घालण्याचे पालकाचे कर्तव्य कलम 10 मध्ये कायम राहिले असले, तरी मुख्य बंधन राज्यावर आले. कलम 21 नुसार प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे किमान तीनचतुर्थांश सदस्य मुलांचे आईवडील किंवा पालक असतात, निम्मे सदस्य महिला असतात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळते. महाराष्ट्रात या समितीचा अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव असतो. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाचा विनियोग पाहणे ही तिची कामे आहेत. ही समिती, पालक-शिक्षक संघ आणि माता-पालक संघ या तीन गोष्टी गावात अनेकदा एकच समजल्या जातात, मुळात त्या वेगळ्या आहेत : समितीला कायद्याने अधिकार आहेत, संघ हे संवादाचे मंच म्हणून सुरू झाले. खाजगी विनाअनुदानित शाळांना कलम 21 लागू नाही. तेथे राज्याच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ आवश्यक केला, पण त्याचा रोख शुल्कावर आहे, आणि चोपडा शहरातील असो की जळगावातील, अशा शाळेतील पालक ग्राहकाच्या भूमिकेतून बोलतो, ही बाब येथे नोंदवून पुढे जाणे पुरेसे आहे.

अधिनियमातील याहून अधिक मोलाची, आणि फार कमी चर्चिली गेलेली, तरतूद कलम 24 मध्ये आहे. शिक्षकाने पालकांच्या नियमित बैठका घेऊन त्यांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि शिकण्यातील प्रगती यांची माहिती द्यावी, हे तेथे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. समिती सर्व मुलांविषयी बोलते, हे कलम एका मुलाविषयी बोलते. आणि पालकाला शाळेत यावेसे वाटते ते बहुधा आपल्या एका मुलासाठी.

समित्यांकडून काय साध्य होते याविषयी भारतात झालेला सर्वांत महत्त्वाचा अभ्यास उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातला आहे. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005-06 च्या सुमारास तेथील गावांत तीन प्रकारचे प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. काही गावांत ग्राम शिक्षण समितीची, म्हणजे आजच्या समितीच्या पूर्वीच्या रूपाची, माहिती सभेतून दिली गेली. काही गावांत त्याबरोबर लोकांना मुलांचे वाचन स्वतः तपासायला शिकवले गेले. आणि काही गावांत याखेरीज तरुण स्वयंसेवकांना वाचनवर्ग चालवण्याचे प्रशिक्षण दिले गेले. आरंभी बहुसंख्य पालकांना अशी समिती आहे हेच माहीत नव्हते, इतकेच काय, समितीच्या काही सदस्यांनाही आपण सदस्य असल्याची कल्पना नव्हती. पहिल्या दोन प्रयोगांनी सरकारी शाळेच्या कारभारात, शिक्षकांच्या कामात किंवा मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. तिसऱ्या प्रयोगात जी मुले वाचनवर्गांना गेली त्यांचे वाचन लक्षणीय सुधारले, मात्र वर्गांना जाणाऱ्या मुलांचे प्रमाण कमी होते. यातून लोकसहभाग निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. लोकांना देखरेखीचे काम दिले तेव्हा ते पुढे आले नाहीत, कारण गावात शिक्षकाला जाब विचारणे हे सामाजिकदृष्ट्या महाग काम आहे. हाताने करता येईल असे आणि मुलात लगेच दिसेल असे काम दिले तेव्हा ते पुढे आले. सातपुड्याच्या पाड्यावरील आईने समितीच्या बैठकीत अनुदानाच्या खर्चावर प्रश्न विचारावा ही अपेक्षा न्याय्य आहे, पण तिच्यापासून सुरुवात करणे व्यवहार्य नाही.

जगभरच्या अभ्यासकांनी या विषयाची जी मांडणी केली आहे, तीत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जॉइस एपस्टाइन यांची चौकट सर्वांत अधिक वापरली जाते. घर, शाळा आणि समाज ही तीन वर्तुळे एकमेकांवर चढलेली असतात आणि मूल त्यांच्या सामाईक भागात वाढते, असे मानून त्यांनी सहभागाचे सहा प्रकार सांगितले : मुलाच्या वाढीसाठी घराला मदत, दोन्ही बाजूंनी संवाद, शाळेत स्वेच्छेने काम, घरी अभ्यासाला साथ, निर्णयात वाटा आणि परिसरातील संस्थांचे सहकार्य. ही वर्गवारी उपयोगी आहे, परंतु ती वाचताना शाळा हे केंद्र आणि कुटुंब हा साहाय्यक असे चित्र नकळत तयार होते. त्याला उत्तर म्हणून लुईस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲरिझोनात मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांमध्ये केलेले काम महत्त्वाचे ठरते. तेथे शिक्षक घरोघरी गेले ते सल्ला देण्यासाठी गेले नाहीत. शेती, बांधकाम, औषधी वनस्पती, व्यापार यांविषयी त्या घरांत कोणते ज्ञान साठलेले आहे हे शिकून घेण्यासाठी गेले, आणि तेच ज्ञान त्यांनी वर्गातील धड्यांत आणले. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने घराकडे पाहण्याची दिशा उलटी केली. शिकागोतील शाळांचा दीर्घ अभ्यास करणारे अँथनी ब्राइक आणि बार्बरा श्नायडर यांनी 2002 मध्ये मांडलेला विश्वासाचा विचारही याच रांगेत बसतो. आदर, कामातील कुवत, माणसाविषयीची कळकळ आणि बोलण्याप्रमाणे वागणे या चार गोष्टी रोजच्या लहान व्यवहारांतून दिसल्या तरच पालक आणि शिक्षक एकमेकांवर विसंबतात, आणि जेथे असा विश्वास होता तेथे शाळा सुधारण्याची शक्यता अधिक होती, असे त्यांना आढळले.

मॉल यांची दृष्टी चोपडा परिसराला लावली तर गणिताच्या पाठ्यपुस्तकाला पुरून उरेल इतके साहित्य हाती येते. केळीच्या बागेत झाडांतील अंतर, एकरी खोडांची संख्या, घडाचे वजन, क्विंटलचा भाव आणि मजुरीचा हिशेब घरात रोज होतो, आणि चौथीतील मूल तो ऐकत असते. कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते आणि वेचणाऱ्या आईला दिवसाअखेर आपले किती झाले हे वहीविना सांगता येते. डोंगरातील कुटुंबाला मोहाची फुले, चारोळी आणि तेंदूची पाने कधी, कुठे आणि कशी गोळा करायची याचे जे ज्ञान असते, ते परिसर अभ्यासाच्या कोणत्याही धड्यापेक्षा सखोल असते. शाळेने हे ज्ञान वर्गात आणले, एखाद्या पालकाला ते सांगण्यासाठी अर्धा तास बोलावले, तर मुलाचा फायदा होतोच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी घडते की निरक्षर पालक पहिल्यांदाच शाळेत काही देणारा म्हणून येतो. पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या पालकाशी त्याच्या बोलीत चार वाक्ये बोलता येणे, हे शिक्षकासाठी सौजन्यापलीकडचे काम आहे. शिकवण्याचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे असे अधिनियमाचे कलम 29 सांगते, आणि पहिलीच्या वर्गात मुलाची बोली समजण्याचा सर्वांत जवळचा मार्ग त्याच्या आईच्या बोलण्यातून जातो.

लोकवर्गणीच्या परंपरेचा विचारही या प्रकाशात करावा लागतो. खान्देशात तिचे अलीकडचे सर्वांत ठळक रूप धुळे जिल्ह्यात दिसले, जेथे मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे हर्षल विभांडिक यांनी गावोगावी प्रेरणासभा घेतल्या, गावकऱ्यांनी मोठा वाटा उचलला, उरलेली रक्कम त्यांनी घातली, आणि 2016 च्या सुमारास जिल्हा परिषदेच्या अकराशेहून अधिक शाळांमध्ये संगणक व पडदे पोहोचले. त्या वेळी राज्यात ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा 2015 मध्ये सुरू झालेला कार्यक्रम चालू होता आणि त्याच्या पाठबळामुळे इतर जिल्ह्यांतही असे प्रयत्न झाले. आपल्या गावची शाळा आपली आहे ही भावना या सभांनी जागी केली, हे त्यांचे निर्विवाद श्रेय आहे. त्याचबरोबर हेही खरे आहे की वर्गणीत सालदाराचा आणि बागायतदाराचा आवाज सारखा असू शकत नाही, आणि यादी वाचून दाखवण्याची रीत असेल तर ज्याने काही दिले नाही तो पालक शाळेपासून आणखी एक पाऊल दूर जातो. पडदा आल्यानंतर पालकाला शाळेत पुन्हा येण्याचे कारण काय, याचे उत्तर वर्गणीत नसते.

पालकांना बोलावण्याच्या वेळेचा प्रश्न लहान वाटतो, पण बहुतेक प्रयत्न तेथेच अडतात. पालक सभा शाळेच्या वेळेत, म्हणजे सकाळी अकरा ते पाचच्या दरम्यान ठेवली जाते, आणि ऑक्टोबर ते जानेवारी या कापूस वेचणीच्या काळात सभेला येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे असते. जी आई येते ती बहुधा मजुरीला न जाणारी असते, आणि मग त्याच पाच-सात जणी समितीत, माता-पालक संघात आणि पोषण आहाराची चव घेण्यातही दिसतात. डोंगराळ भागात होळीआधीचे भोंगऱ्या बाजार, सखल भागात आखाजी आणि श्रावणातील कानबाईचा उत्सव या दिवसांत शाळेची हजेरी घसरते, याची तक्रार दरवर्षी होते. त्याऐवजी हे दिवस वार्षिक नियोजनात आधीच धरले आणि लोक एकत्र येतात तेथेच शाळेने जाऊन बसावे असे ठरवले, तर तोच काळ भेटीचा होऊ शकतो. संक्रांतीच्या सुमारास शाळेत मातांसाठी हळदीकुंकू ठेवण्याची पद्धतही तपासून पाहण्यासारखी आहे. त्याला गर्दी होते, वातावरण मोकळे असते. पण विधवा आई आणि मुस्लिम असलेल्या तडवी कुटुंबातील आई या दोघींना ते निमंत्रण खऱ्या अर्थाने पोहोचत नाही, आणि सरकारी शाळेच्या दारात कोणत्याही आईच्या मनात आपण येथे यावे की नाही असा प्रश्न उभा राहू नये. तेच तीळगूळ, तीच गर्दी आणि मुलांनी मांडलेला बाल आनंद मेळावा यांतून कोणालाही न वगळता एकत्र येता येते.

घरी आईने काय करावे याविषयी गेल्या काही वर्षांत राज्यात एक ठोस प्रयत्न झाला आहे. 2022 पासून राबवलेल्या शाळापूर्व तयारी अभियानात, ज्याला ‘पहिले पाऊल’ असेही नाव मिळाले, पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी एप्रिलमध्ये आणि पुन्हा जूनमध्ये मेळावे भरवले गेले. मधल्या काळात वस्तीतील मातांचे छोटे गट तयार करून त्यांना घरी करता येतील अशा कृती चित्रांच्या कार्डांवरून आणि मोबाइलवरून देण्यात आल्या, आणि गटातील एक आई पुढाकार घेणारी ठरली. डाळीचे दाणे मोजणे, पाने लहान-मोठी लावणे, चित्रावरून गोष्ट सांगणे या कृतींना साक्षरता लागत नाही, हे या योजनेचे बळ आहे. निरक्षर आईच्या सहभागाने मुलाच्या शिकण्यात फरक पडतो का, या शंकेला बिहार आणि राजस्थानात झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने उत्तर दिले आहे : मातांसाठी साक्षरता वर्ग, मुलाबरोबर घरी करायच्या कृतींचे मार्गदर्शन, आणि दोन्ही एकत्र, अशा तिन्ही प्रकारांत मुलांच्या गणितात माफक पण निश्चित सुधारणा झाली, आणि मातांचे स्वतःचे वाचन व गणितही सुधारले. परिणाम माफक होता हे लपवण्याचे कारण नाही. वर्गातील अध्यापनाची जागा घरातील कृती घेऊ शकत नाहीत. या सगळ्या उपक्रमांत पालक म्हणजे आई असे गृहीत धरले जाते, हे मात्र खटकते, कारण शेतमजुरी, स्वयंपाक आणि पाणी यांनंतर उरलेला वेळही तिच्याकडूनच मागितला जातो आणि बाप मोकळा राहतो.

ज्या घरात आईबाप दोघेही वर्षातील काही महिने नसतात, तेथे हा सगळा विचार नव्याने करावा लागतो. खान्देशातील मजूर कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि इतर कामांसाठी पश्चिम महाराष्ट्रात व दक्षिण गुजरातेत जातात, आणि मूल एक तर बरोबर जाते किंवा आजी-आजोबांकडे राहते. राज्याने त्यासाठी दोन उपाय केले आहेत : हंगामी वसतिगृह, ज्यात मूल गावातच नातेवाइकांकडे राहते आणि त्याच्या जेवणाची सोय शाळेमार्फत होते, आणि शिक्षण हमी पत्रक, म्हणजे स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत लगेच बसता यावे म्हणून मूळ शाळेने देण्याचे पत्र. 2017 नंतर शाळाबाह्य मुलांचा शोध घेणारे ‘बालरक्षक’ शिक्षकही पुढे आले. या उपायांचे यश एका साध्या गोष्टीवर अवलंबून असते, ती म्हणजे कुटुंब कधी निघणार आणि कुठे जाणार हे शाळेला आधी कळणे. मुकादमाने उचल दिलेली असते, तारीख ठरलेली असते, शेजाऱ्यांना ठाऊक असते. ज्या शिक्षकाचे त्या घरी जाणे-येणे आहे त्यालाच ते दिवाळीआधी कळते, इतरांना ते रिकाम्या बाकावरून कळते. अशा मुलाच्या बाबतीत आजीला पालक म्हणून पूर्ण मान देणे, तिला सभेला बोलावणे आणि प्रगतिपत्रक तिला वाचून दाखवणे, हे कायद्यातील ‘आईवडील किंवा पालक’ या शब्दांना धरूनच आहे.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि मोबाइल हाच शाळेचा दरवाजा ठरला. राज्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ हा उपक्रम चालवला, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका आली, आणि प्रत्येक वर्गाचा पालकांचा व्हॉट्सॲप गट तयार झाला. जेथे फोन एकच आणि तो बापाबरोबर शेतात, किंवा जेथे डोंगरात जाळेच नाही, तेथे हे पोहोचले नाही, हे सर्वमान्य आहे. त्यापेक्षा कमी लक्ष वेधलेली गोष्ट बोट्स्वानातील एका अभ्यासातून पुढे आली : केवळ संदेश पाठवलेल्या कुटुंबांत मुलांच्या शिकण्यावर फारसा परिणाम दिसला नाही, पण त्याबरोबर दर आठवड्याला मार्गदर्शकाने काही मिनिटे फोनवर पालक आणि मुलाशी बोलून एखादे गणित सोडवून घेतले, तेथे अंकगणित स्पष्टपणे सुधारले, आणि असा फोन साध्या, इंटरनेट नसलेल्या मोबाइलवरही चालतो. शाळा पुन्हा उघडल्यावर व्हॉट्सॲप गट राहिले, पण त्यांवर आज मुख्यतः सूचना, छायाचित्रे आणि कागदपत्रांची मागणी असते. सूचना एका दिशेने जाते. फोनवर पालकही बोलतो.

पालकाला काय सांगावे, हा या सगळ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. प्रगतिपत्रकावरील श्रेणीतून आईला काही कळत नाही. मूल गोष्ट वाचू शकते की अजून शब्दांपाशी अडते, हातच्याची वजाबाकी त्याला येते का, हे कळते. 2005 पासून होत असलेल्या ‘असर’ या सर्वेक्षणाचे सामर्थ्य त्याच्या आकडेवारीइतकेच त्याच्या पद्धतीत आहे, कारण त्यात मुलाचे वाचन घरी, आईबापांच्या समोर तपासले जाते आणि परिच्छेद वाचता न येणे सगळ्या घराला ऐकू येते. निपुण भारत अभियानाने 2021 मध्ये तिसरीपर्यंत वाचन व संख्याज्ञान हे ध्येय ठरवल्यानंतर, आणि नव्या समग्र प्रगतिपत्रकात पालकाच्या अभिप्रायाला जागा दिल्यानंतर, हे काम वर्गशिक्षकाच्या हाती आले आहे. तिमाहीतून एकदा प्रत्येक मुलाच्या पालकासमोर मुलाकडून एक उतारा वाचून घेणे आणि पुढच्या तीन महिन्यांत घरी काय व शाळेत काय करायचे हे दोघांनी ठरवणे, इतकी गोष्ट नियमाने झाली तर ती अनेक समित्यांहून मोलाची ठरेल. मुलाचे कौतुक करण्यासारखे काही घेऊनच पहिली भेट व्हावी, हेही तितकेच आवश्यक आहे, कारण ज्या पालकाला शाळेचा निरोप केवळ तक्रारीसाठीच येतो तो पुढच्या वेळी निरोप ऐकूनही येत नाही.

या सर्वाचा भार ज्याच्यावर पडतो त्या शिक्षकाची बाजू वगळून हा आढावा प्रामाणिक होणार नाही. शिक्षक घरोघरी जातच नाही असे नाही. मतदार यादीसाठी, जनगणनेसाठी आणि शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी तो प्रत्येक दारात जातो, पण तेथे तो नोंदवही उघडतो आणि मुलाच्या वाचनाविषयी बोलण्यास त्याला वेळ उरत नाही. मुख्यालयी राहण्याची अट कागदावर आहे; प्रत्यक्षात तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून अपडाऊन करणाऱ्या शिक्षकाची संध्याकाळची बस आणि पालकाची शेतातून परतण्याची वेळ एकच असते. त्यासाठी शिक्षकाला दोष देणे सोपे आहे, परंतु डोंगरातील गावात राहण्याजोगे घर, त्याच्या स्वतःच्या मुलांची शाळा आणि दवाखाना या गोष्टी कोणी पाहिल्या नाहीत तर अट पाळली जाणार नाही. बदल्यांमुळे तीन-चार वर्षांत जमलेली ओळख तुटते आणि तिची कोणतीही नोंद मागे राहत नाही. घरभेटींसाठी वेळापत्रकात तास राखून ठेवणे, त्यांना केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत चर्चेचा विषय करणे, आणि जाणाऱ्या शिक्षकाने येणाऱ्याला कुटुंबांची ओळख करून देणे, या गोष्टी गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुख यांच्या अधिकारात येतात आणि त्यांना नवा निधी लागत नाही.

येत्या काळात या चर्चेची दिशा आणखी एका निर्णयावर ठरेल. अधिनियमाखालील नियमांनी पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी असे मानले आहे, आणि सातपुड्याच्या पाड्यापाड्यांवर एक-दोन शिक्षकी शाळा आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा विकसित करण्याचे प्रस्ताव मागवले, आणि त्यासाठी आदर्श म्हणून दिलेल्या उदाहरणांत खान्देशातीलच, नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळच्या शाळेचा समावेश होता. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक, ग्रंथालय आणि समवयस्कांची सोबत मिळते, हा तिच्या बाजूचा खरा मुद्दा आहे. दुसऱ्या बाजूला, पाड्यावरील शाळेत मुलाला घेऊन येणारी आई रोज शिक्षकाला दिसते. समूह शाळेत मूल वाहनाने किंवा निवासी राहून जाते, आणि आईला शिक्षक भेटायचा तर मजुरी बुडवून दहा-पंधरा किलोमीटर जावे लागते. चोपड्यासारख्या तालुक्यात असा कोणताही प्रस्ताव विचारात येईल, तेव्हा वाहनाचा खर्च आणि वर्गखोल्यांची संख्या यांच्याबरोबर, पालक शाळेपर्यंत महिन्यातून किती वेळा येऊ शकेल आणि शिक्षक पाड्यापर्यंत किती वेळा जाईल, हेही त्या प्रस्तावात लिहिलेले असले पाहिजे, आणि तो मंजूर करण्यापूर्वी त्या पाड्यांवरच्या शाळा व्यवस्थापन समित्यांची संमती घेतली गेली पाहिजे.